हेमी डार्ट : जपायची की पळवायची?

१९६८ ची डॉज हेमी डार्ट कारखान्यातूनच ड्रॅग रेसिंगसाठी निघाली. लहानशा गाडीत ४२६ घनइंची, म्हणजे सात लिटरचं ‘हेमी’ इंजिन. पुढचे मडगार्ड आणि बॉनेट फायबरग्लासचे. मागची सीट नाही, वॉरंटीही नाही. अशा डार्ट ऐंशीच्या आसपासच बनल्या. त्यामुळे अस्सल गाडीची किंमत लाखो डॉलरमध्ये जाते आणि त्यातला मोठा वाटा कागदपत्रांचा असतो. चेसिस नंबर LO23M8 नं सुरू होतो का, ते आधी पाहा. मग डॉजची मूळ कंपनी क्रायसलर, तिच्या जुन्या गाड्यांचा जाणकार पैसे देऊन बोलवा. हजारभर डॉलर गेले तरी चालतील, इथे काटकसर नकोच.

पण गाडी पळवायची असेल, तर अस्सल घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एका धडकेत इतिहासही जातो आणि किंमतही. त्यापेक्षा साध्या डार्टवर तशीच गाडी बांधून घ्या. ढोबळ हिशेब असा : गंज न लागलेली बॉडी दहा-पंधरा हजार डॉलर, तयार हेमी इंजिन वीस-पंचवीस हजारांच्या पुढे, भक्कम टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्स आणि डाना ६० मागचा अ‍ॅक्सल मिळून सहा-आठ हजार. मजुरी धरून साठ-सत्तर हजारांची तयारी ठेवा. एवढे जमत नसतील, तर १९७० नंतरची प्लिमथ डस्टर आणि ३४० किंवा ३६० इंजिन बघा. निम्म्या पैशात ट्रॅकवरचा आनंद तोच मिळतो.

सुरक्षेचा खर्च मात्र शेवटी उरलेल्या पैशांतून करायचा नसतो. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या एनएचआरए या संस्थेच्या नियमांप्रमाणे पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या जुन्या गाडीला रोल बार लागतो. दहा सेकंदांच्या आत गेलात की पूर्ण रोल केज आणि चेसिसचं प्रमाणपत्रही. चांगल्या वेल्डरकडून केज बसवायला तीन-चार हजार डॉलर धरा. रेसिंगचं पेट्रोल आणि झिजणारे स्लिक टायर हा तर प्रत्येक मोसमाचा खर्च.

तयार गाडी घेताना विकणारा ‘साडेदहा सेकंदांत जाते’ म्हणाला, तर ट्रॅकवरची टाइम स्लिप मागा. ती नसेल, तर इंजिन उघडून दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका.