आधी दाखले, मग कॉलेज : इरुंगाट्टुकोट्टैच्या मराठी घरांसाठी

पुणे-चाकणकडून नोकरीनिमित्त तामिळनाडूतल्या इरुंगाट्टुकोट्टैला आलेल्या घरांत मूल अकरावीला गेलं की पहिली चर्चा शाखेची होते. कॉम्प्युटर घ्यायचं की मेकॅनिकल, नीटचा क्लास लावायचा का, अण्णा युनिव्हर्सिटी मिळेल का. ही चर्चा महिनाभर पुढे ढकलली तरी बिघडत नाही. आधी सोडवायचा प्रश्न वेगळा आहे. प्रवेशाच्या आणि पैशाच्या नियमांत आपलं मूल कुठल्या राज्याचं धरलं जाणार? बारावीच्या निकालानंतर याचं उत्तर शोधायला गेलं, तर तोवर काही वाटा बंद झालेल्या असतात, आणि ते कळतं थेट अर्ज भरताना.

१९९८ मध्ये ह्युंदाईची पहिली सँट्रो इथून बाहेर पडली, सिपकॉटच्या औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांचे कारखाने वाढले आणि नोकरीची माणसं देशभरातून येत राहिली. २०२३ मध्ये ह्युंदाईने जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेण्याचा करार केला, त्यामुळे उलट दिशेच्या बदलीचाही विचार घरात होऊ शकतो. दहावी आणि बारावीच्या मध्ये राज्य बदलणं हा मुलाच्या प्रवेशाचाही निर्णय असतो. तो ठरवण्याआधी पुढच्या पहिल्या दोन पायऱ्या कराच.

पायरी १. एका कागदावर मुलाचा शाळेचा इतिहास मांडा

अकरावी सुरू होताच एका संध्याकाळी आई, बाबा आणि मूल तिघांनी एकत्र बसायचं. सहावीपासून प्रत्येक इयत्ता कुठल्या राज्यात, कुठल्या बोर्डात झाली ते लिहायचं. खाली आई-वडिलांपैकी कुणाकडे महाराष्ट्राचा अधिवास दाखला आहे, जातीचा दाखला असेल तर तो कुठल्या जिल्ह्याचा, आणि दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न किती. उत्पन्न हातात पडणाऱ्या पगाराचं नको, फॉर्म १६ वरचं एकूण लिहा. मुलाला हा आकडा सांगायला संकोच करू नका. सतरा वर्षांच्या मुलाला घरचं उत्पन्न कळलं की ते कॉलेजची यादी जास्त शहाणपणाने करतं, असा माझा अनुभव आहे.

पायरी २. कागदावरून वाटा ओळखा

तामिळनाडूतल्या इंजिनिअरिंगला प्रवेश परीक्षाच नाही. २००६ च्या कायद्याने ती गेली. बारावीचे गणिताचे गुण १०० पैकी, भौतिकशास्त्राचे ५० पैकी, रसायनाचे ५० पैकी धरून २०० चा ‘कट-ऑफ’ काढतात. गणितात ९२, भौतिकमध्ये ८४ आणि रसायनात ८८ असतील तर ९२ अधिक ४२ अधिक ४४, म्हणजे १७८. याच आकड्यावर टीएनईएची, म्हणजे इथल्या राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश प्रक्रियेची, गुणवत्ता यादी लागते. मूल आठवी ते बारावी तामिळनाडूत शिकलं असेल तर त्याला या प्रक्रियेत जाता येतं; मात्र मूळ महाराष्ट्राचं असल्यामुळे ते खुल्या गटात धरलं जातं. घरी ओबीसी किंवा अनुसूचित जातीचा दाखला असला तरी तो महाराष्ट्राचा असतो, इथल्या राज्याच्या ६९ टक्के आरक्षणात तो चालत नाही. मूल नववीत किंवा दहावीत इथे आलं असेल, तर वाट खुली आहे असं गृहीत धरू नका. त्या वर्षाची माहितीपुस्तिका उघडून नेटिव्हिटीचं प्रकरण शब्दन्‌शब्द वाचा.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगसाठी सीईटी द्यावी लागते. तिथे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेलं मूल ‘ए’ प्रकारात येतं. इथे शिकलेलं मूल त्यात बसत नाही, पण त्याचा स्वतःचा, आईचा किंवा वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला असेल तर ‘बी’ प्रकारात बसतं. ही तरतूद कितीतरी घरांना ठाऊक नसते. ‘आपण बाहेरचे झालो’ असं समजून ती सीईटीचा अर्जच भरत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

एनआयटीत निम्म्या जागा त्या-त्या राज्याच्या मुलांना असतात आणि राज्य ठरतं ते बारावी जिथून झाली त्यावरून. म्हणजे बारावी इथे करणाऱ्या नागपूरच्या मुलाला गृहराज्याचा लाभ तिरुचिरापल्लीला मिळतो. नागपूरच्या व्हीएनआयटीत ते परराज्यातलं ठरतं. आयआयटीत असा राज्याचा कोटा नाही.

मेडिकलला सगळ्यात जपावं लागतं. महाराष्ट्राच्या राज्य कोट्याला दहावी आणि बारावी तिथलीच लागते. अपवाद आहेत ते मुख्यतः सरकारी नोकरांच्या मुलांसाठी, खासगी कंपनीतल्यांसाठी नाहीत. तामिळनाडू सहावी ते बारावीचं शिक्षण पाहतं. दोन्हीकडे न बसणाऱ्या मुलासाठी सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा, एम्स-जिपमेरसारख्या केंद्रीय संस्था आणि महागडी अभिमत विद्यापीठं हेच मुख्य पर्याय उरतात. डॉक्टर व्हायचं ठरलेलं मूल घरात असेल, तर दहावीनंतरची बदली कंपनीशी बोलून वर्षभर पुढे-मागे करता येते का ते जरूर पाहा.

पायरी ३. दाखले जमवा, आणि नाव एकसारखं करा

अधिवास, जात, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर ही सगळी कामं गावाकडची. अकरावीच्या दिवाळीत गावी जाल तेव्हा ती सुरू करा. ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज करता येतो, तरी जुना शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांची नोंद, सातबारा असल्या गोष्टी शोधायला माणूस तिथे लागतो. वैधता समितीकडे वेळ जातो, म्हणून तो अर्ज सगळ्यांत आधी. केंद्रीय संस्थांसाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो; नॉन-क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएस हे दोन्ही त्या आर्थिक वर्षाचे लागतात, म्हणून १ एप्रिलनंतर नवीन काढायचे. ईडब्ल्यूएस तामिळनाडूच्या राज्य प्रवेशात नाही, केंद्रीय संस्थांत आहे.

आता नावाचं. इथल्या शाळांत मुलाच्या नावाला वडिलांच्या नावाचं आद्याक्षर जोडायची पद्धत आहे आणि त्यात आडनाव गळून पडतं. आधारवर मात्र नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण असतं, आणि गावाकडच्या जातीच्या दाखल्यावर बऱ्याचदा आडनाव आधी. तीन कागदांवर तीन नावं झाली की शिष्यवृत्तीचं पोर्टल अडतं, बँक अडते, जेईईचा अर्ज अडतो. शाळा बोर्डाला विद्यार्थ्यांची यादी पाठवते त्याआधी वर्गशिक्षकांना भेटून आधारप्रमाणे नाव लावून घ्या. गुणपत्रिका छापून आल्यावर दुरुस्ती होते, पण चपला झिजतात. मुलाचं बँक खातं त्याच नावाने उघडा आणि बँकेत स्पष्ट विचारा की सरकारी रक्कम आधारवरून या खात्यात जमा होईल अशी जोडणी झाली आहे का. नुसतं आधार दिलेलं असणं वेगळं आणि ही जोडणी वेगळी.

उत्पन्नाचा दाखला इथला लागला तर ई-सेवै केंद्रातून अर्ज होतो. तालुका कार्यालय श्रीपेरुंबुदूरला आहे.

पायरी ४. परीक्षा तीनच ठरवा

बारावीचे गुण टीएनईएसाठी लागतातच, म्हणून बोर्डाची परीक्षा हीच पहिली परीक्षा समजा. दुसरी जेईई मेन किंवा नीट. तिसरी महाराष्ट्राची सीईटी किंवा, बी.एससी., बी.ए., बी.कॉम. करायचं असेल तर केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी. सीईटीचा अभ्यासक्रम महाराष्ट्र बोर्डाचा, साधारण ८० टक्के बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बालभारतीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, सीबीएसईच्या मुलाने निदान सूची तरी पडताळावी. मुलाचं मराठी पक्कं असेल आणि परीक्षा केंद्र महाराष्ट्रातलं निवडलं तर जेईई मेन आणि नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते; पण इथे सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं असेल तर हौसेखातर ती निवडू नये.

पायरी ५. चार वर्षांचा खर्च एका पानावर

फी, वसतिगृह, मेस, प्रवास, लॅपटॉप, परीक्षा शुल्क, असं चारही वर्षांचं लिहा. घरापासून बसने जाण्याजोगं कॉलेज असेल तर वसतिगृहाची सगळी रक्कम वाचते; पेन्नलूर, थंडलम या भागांत इंजिनिअरिंग कॉलेजं आहेतच. समुपदेशनातून मिळालेल्या जागेची फी सरकारच्या समितीने ठरवलेली असते, मॅनेजमेंट कोट्याची त्याहून बरीच जास्त. ‘डोनेशन’ कुणी मागितलं तर लक्षात असू द्या, तामिळनाडूत १९९२ पासून आणि महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन फी कायद्याने बंद आहे.

पायरी ६. आधी शिष्यवृत्ती, मग कर्ज

उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि बारावीत बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये गुण, तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्राची शिष्यवृत्ती मिळू शकते, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपये. कंत्राटी कामगारांच्या घरांनी ही सोडू नये. मुलगी तंत्रशिक्षणाला जात असेल आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर एआयसीटीईची ‘प्रगती’ वर्षाला ५०,००० देते, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. मूल इथल्या सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलं असेल तर मुलीला ‘पुदुमै पेण’ आणि मुलाला ‘तमिळ पुदल्वन’ या योजनांतून महिन्याला १,००० रुपये मिळतात.

मुलगी महाराष्ट्रात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेली तर २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण व परीक्षा फी ८ लाखांच्या उत्पन्नापर्यंत पूर्ण माफ आहे. हा फरक इतका मोठा आहे की पाचव्या पायरीचं पान त्यासाठी दोनदा मांडावं, एकदा इथल्या कॉलेजचं आणि एकदा तिथल्या. मद्रासमधल्या जुन्या दाक्षिणात्य मराठी मंडळींनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ‘महरट्टा एज्युकेशन फंड’ उभा केला. मराठी मुलांच्या शिक्षणाला हातभार लावण्याची या शहरातली ही परंपरा आहे, तिथेही चौकशी करा.

पायरी ७. कर्ज घ्यायचं तर असं

पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. मूल निवडक यादीतल्या संस्थेत गेलं तर तारण आणि जामीनदार न देता कर्ज मिळतं; उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात आणि पुढच्या वर्षभरात व्याजात ३ टक्के सवलत. तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम आणि साडेचार लाखांच्या आतलं उत्पन्न असेल तर त्या काळाचं पूर्ण व्याज सरकार भरतं. आपलं कॉलेज यादीत आहे का, हे पसंतीक्रम भरण्याआधी पाहायचं, नंतर नाही.

सवलत मिळत नसेल तर हा हिशेब मुलासमोर करा. दरवर्षी दीड लाख असं चार वर्षांत ६ लाख उचलले, व्याज १० टक्के सरळ. पहिला हप्ता पाच वर्षं व्याज खातो, दुसरा चार, तिसरा तीन, चौथा दोन. एकूण व्याज २ लाख १० हजार. काहीच भरलं नाही तर परतफेड ८ लाख १० हजारांवर सुरू होते आणि दहा वर्षांचा मासिक हप्ता साधारण १०,७०० पडतो. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर हप्ता ७,९०० च्या आसपास. पहिल्या वर्षी भरायचं व्याज महिन्याला फक्त १,२५० आहे. ते भरणं बहुतेक पगारदार घरांना जमतं, म्हणून जरूर भरा. काही बँका त्याबद्दल दरातही सूट देतात. जुन्या करपद्धतीत राहणाऱ्यांना शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते.

पायरी ८. निकालानंतरचे दोन महिने

निकालाच्या आसपास अभिमत विद्यापीठांचे फोन सुरू होतात, ‘आज पैसे भरले नाहीत तर जागा जाईल’. भरण्याआधी परताव्याचा नियम त्यांच्याकडून लेखी घ्या आणि मूळ कागद कुणाकडे ठेवू नका. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे. पसंतीक्रम भरताना पाचव्या पायरीचं पान शेजारी ठेवा, परवडत नसलेलं नाव यादीत घालूच नका. टीएनईएच्या सुविधा केंद्रात कागद तपासून मिळतात, तिथे मुलालाच बोलू द्या.

प्रवेश पक्का झाल्यावर फीची पावती, बोनाफाइड आणि खर्चाचं पत्रक घेऊन त्याच आठवड्यात बँकेत जा. कर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून असेल तर अर्जाचा क्रमांक मुलाने स्वतःच्या वहीत लिहून ठेवावा. शिष्यवृत्तीचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं आणि ते आपोआप होत नाही. पहिल्या वर्षाचा निकाल हातात आला की पोर्टल उघडायचं, गुणपत्रिका चढवायची आणि कॉलेजच्या कार्यालयाने अर्ज पुढे पाठवला का ते आठवड्याने विचारून यायचं.