स्वतंत्र संचालक असले की नफा खरा?

प्रश्न: तुर्भे एमआयडीसीतल्या एका सूचीबद्ध कंपनीचे शेअर माझ्याकडे आहेत. नफा दर तिमाहीला थोडाथोडा वाढतोच. निम्मे संचालक स्वतंत्र आहेत. निर्धास्त राहू का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर: नका राहू. अध्यक्ष प्रवर्तकांपैकी असेल तर निम्मे संचालक स्वतंत्र हवेत, लेखापरीक्षण समितीत दोन तृतीयांश, हा सेबीचा नियमच आहे. कागदावर तो बहुतेक कंपन्या पाळतात. पायाभूत सुविधांना वित्तपुरवठा करणाऱ्या मुंबईच्या आयएल अँड एफएस समूहाच्या मंडळावरही वजनदार नावं होती. तरी २०१८ मध्ये समूह सुमारे ९१ हजार कोटींच्या कर्जाखाली कोसळला. समूहातल्या वित्त कंपनीने थकबाकीदारांच्याच गटातल्या कंपन्यांना नवी कर्जं देऊन जुनी फेडून घेतली, असा २०१९ च्या आरोपपत्राचा ठपका आहे. थकबाकी दिसली नाही की बुडीत कर्जासाठी नफ्यातून तरतूद करावी लागत नाही, आणि नफा फुगतो.

वार्षिक अहवालात बघा: लेखापरीक्षण समितीत ताळेबंद खरोखर वाचता येणारं कोण आहे, बैठकांना कोण हजर होतं, मुदतीआधी कोणी राजीनामा दिला का. ('वैयक्तिक कारण' दिसलं की मी तरी दोनदा वाचतो.) मग रोख प्रवाह पत्रक उघडा. नफा चढता आणि कामकाजातली रोख वर्षानुवर्षं आटती असेल, तर येणी किती वाढली तेही तपासा.