घराचा व्यवहार : घेणाऱ्याने काय पाहावे, देणाऱ्याने काय सांभाळावे



भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून विदर्भातील कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने तेथे जाऊन स्थिरावली. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये मुले वाढली, त्यांची लग्ने झाली. आणि सेवानिवृत्तीचा दिवस उजाडला तेव्हा क्वार्टर सोडण्याची वेळ आली. मग भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती घेऊन मनुष्य भूखंड पाहावयास निघतो. भिलाईच्या दक्षिणेस असलेले उतई हे नगर पंचायतीचे गाव अशा शोधात हमखास समोर येते. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे त्याचे नाव पुष्कळांस ठाऊक आहे. शहर जवळ, भाव शहराहून कमी, आणि काल धान पिकविणाऱ्या शेतात आज चुन्याच्या रेघा ओढलेल्या. आयुष्यभराची शिल्लक येथे एका सहीने जाते, म्हणून ही सही करण्यापूर्वी काय पाहावे याचा विचार या पाठात करावयाचा आहे. उदाहरण उतईचे घेतले असले तरी पुष्कळसे विवेचन पुण्याच्या किंवा सोलापूरच्या वाचकासही लागू पडेल.

प्रथम शब्दांविषयी. महाराष्ट्रातून आलेला मनुष्य सातबारा मागतो. छत्तीसगडात त्याच्या जागी खसरा व बी-१ हे उतारे असतात. आपल्या तलाठ्याचे काम तेथे पटवारी करतो. फेरफारास तेथे नामांतरण म्हणतात, बिनशेतीस डायव्हर्शन, मोजणीस सीमांकन, इसारास बयाना आणि दुय्यम निबंधकास उपपंजीयक. आपण ज्यास रेडी रेकनर म्हणतो तो तेथील गाईडलाईन दर. नावे निराळी असली तरी प्रश्न तेच असतात : जमीन कोणाची, किती, कोठवर, आणि तिच्यावर आणखी कोणाचा हक्क आहे काय? खसरा व बी-१ शासनाच्या ‘भुइयां’ या संकेतस्थळावर पाहता येतात. परंतु दलालाने दाखविलेली छापील प्रत पाहून समाधान मानू नये. खसरा क्रमांक विचारून घ्यावा आणि उतारा स्वतः काढावा.

उताऱ्यात नाव बरोबर निघाले म्हणजे काम संपले असे नव्हे. शेताचे तुकडे पाडून विकताना एकाच खसऱ्यातून वीस जणांस भूखंड दिले जातात आणि प्रत्येकाच्या तुकड्याचे बटांकन, म्हणजे नकाशावर स्वतंत्र पोटक्रमांक, झालेलेच नसते. कागदावर क्षेत्रफळ आहे, जागेवर खुंट्या आहेत. पण नकाशात आपला तुकडा नेमका कोठे हे कोणीच सांगू शकत नाही. पुढे दोन शेजाऱ्यांत भिंतीवरून तंटा लागतो. म्हणून बटांकन झालेला क्रमांक मागावा आणि राजस्व निरीक्षकाकडून सीमांकन करून घ्यावे. दुसरी गोष्ट रस्त्याची. चुन्याने आखलेला वीस फुटी रस्ता पुष्कळदा मूळ शेतकऱ्याच्याच नावावर राहतो आणि त्याच्या मुलांनी उद्या तेथे कुंपण घातले तर आपण आपल्याच घरी जाण्यास परके होतो. नगर तथा ग्राम निवेश कार्यालयाने मंजूर केलेला आराखडा आहे काय, त्यात तो रस्ता दाखविला आहे काय, आणि डायव्हर्शनचा आदेश कोणत्या क्षेत्रापुरता आहे, हे तिन्ही कागद एकत्र ठेवून पाहावे. २०२५ साली छत्तीसगडच्या भू-राजस्व संहितेत दुरुस्ती होऊन पाच डिसमिलपेक्षा लहान शेतजमिनीच्या तुकड्यांवर बंधन आले. पाच डिसमिल म्हणजे २,१७८ चौरस फूट. हजार-बाराशे फुटांचा ‘शेतजमिनीचा प्लॉट, नोंदणी नंतर करू’ असे कोणी म्हणेल तर तेथूनच परत फिरावे हे उत्तम.

काही जमिनी मुळातच सहजी विकता येत नाहीत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस विकावयाची तर संहितेच्या कलम १६५ प्रमाणे कलेक्टरची परवानगी लागते, आणि अनुसूचित क्षेत्रात तर असे हस्तांतरण होतच नाही. विक्रेता आपल्याच मंडळीचा सभासद आहे म्हणून हा निर्बंध शिथिल होत नाही, कारण अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नसतो. शासनाने पट्ट्याने दिलेली जमीनही कलेक्टरच्या परवानगीवाचून विकता येत नाही. भिलाई टाउनशिपमधील जी घरे या शतकाच्या आरंभी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्यात आली, त्यांचेही असेच. घेणाऱ्यास जमिनीची मालकी मिळत नसते; उरलेल्या मुदतीचा हक्क, तोही मूळ करारातील अटींनी बांधलेला, एवढेच पदरी पडते. तेवढ्यासाठी पूर्ण मालकीचा भाव देणे शहाणपणाचे नाही.

आता खुद्द दस्ताकडे वळू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. विक्रीचा करार हा विक्रीचे वचन आहे, विक्री नव्हे. मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून ‘नोंदणीचा खर्च वाचवा’ असे सांगणारे लोक सर्वत्र आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले की अशा कागदांनी मालकी मिळत नाही. इतकी वर्षे लोटूनही लोक या मार्गाने घरे घेतात, याचे नवल वाटते. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीस दाखल करावा लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

यिर्मयाच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायातील शेतखरेदी आपण श्रद्धेचे उदाहरण म्हणून वाचतो. एकदा व्यवहाराच्या दृष्टीनेही ती वाचावी. हनामेल हा चुलतभाऊ अनाथोथ येथील शेत घेऊन येतो. विकत घेण्याचा पहिला हक्क कोणाचा हे आधीच स्पष्ट आहे. सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून दिले जाते. दस्त लिहिला जातो, त्यावर सही व शिक्का होतो, साक्षीदार सह्या करतात. एक प्रत मोहोरबंद, दुसरी उघडी. आणि दोन्ही बारूखाच्या हाती सोपवून मातीच्या भांड्यात ठेवविल्या जातात, कारण त्या पुष्कळ दिवस टिकावयाच्या आहेत. शहरास वेढा पडलेला, व्यवहार चुलतभावाशी, विकत घेणारा संदेष्टा. तरीही कागदाची एकही पायरी गाळलेली नाही. आपल्यात मात्र ‘भाऊच आहेत, त्यांच्याकडे कागद कसा मागायचा’ असा संकोच फार. ज्याच्याकडे कागद मागण्याचा संकोच वाटतो त्याच्याशी घराचा व्यवहार करू नये, असे माझे मत आहे.

ख्रिस्ती कुटुंबांत सर्वांत अधिक गोंधळ वारसाहक्काचा असतो, म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य आहे. आपणांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होतो. मृत्युपत्र न करता पती निवर्तला आणि त्यास मुले असली तर पत्नीस एक तृतीयांश आणि मुलांस मिळून दोन तृतीयांश भाग जातो. मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. पत्नी निवर्तल्यास पतीचाही हक्क तसाच. समजा पंचेचाळीस लाखांचे घर आहे. मागे पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी आहे. आईचे पंधरा लाख, आणि तिघांचे प्रत्येकी दहा. आता आई व दोन मुलगे मिळून घर विकतात आणि नागपुरास दिलेल्या मुलीस ‘तिचे लग्न केले, तिचे झाले’ म्हणून विचारीत नाहीत. घेणाऱ्याने पूर्ण पैसे मोजले तरी त्यास नऊपैकी सातच भाग मिळाले; उरलेले दोन भाग त्या मुलीचेच राहिले. विवाहाने मुलीचा हिस्सा नाहीसा होत नाही. तेव्हा विकणाऱ्या कुटुंबाकडे सर्व वारसांची नावे मागावी, प्रत्येकाची खरेदीखतावर सही घ्यावी, अथवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहावे. साध्या कागदावरचे ‘माझी हरकत नाही’ हे पत्र त्यास पर्याय होत नाही. वारसांत कोणी अज्ञान असेल तर जिल्हा न्यायालयाच्या परवानगीवाचून पुढे जाऊ नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ख्रिस्ती मुलांस वडिलांच्या मिळकतीत जन्मतःच हिस्सा मिळत नाही. वडील हयात असताना आपले घर ते विकू शकतात किंवा मृत्युपत्राने कोणासही देऊ शकतात. मुलांनी हरकत घेतली म्हणून व्यवहार अडत नाही. मृत्युपत्रास दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक आहे, आणि २००२ च्या दुरुस्तीपासून भारतीय ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रास प्रोबेटची सक्ती राहिलेली नाही. मात्र एक कलम पुष्कळांस ठाऊक नसते : मृत्युपत्र केल्यानंतर विवाह केला तर आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. विधुराने मुलांच्या नावे घर लिहून ठेवले आणि पुढे दुसरा विवाह केला, तर ते लिहिणे निष्फळ झाले. पुन्हा लिहावे लागेल. मृत्युपत्राच्या आधारे कोणी घर विकत असेल तर त्या कागदाच्या तारखेबरोबर विवाहाची तारीखही विचारावी.

मिशन कंपाउंडातील घरांविषयी वेगळे सांगावेसे वाटते. तीन पिढ्या एखादे कुटुंब तेथे राहत आले, करही भरीत आले. एवढ्याने जागा त्यांची होत नाही. जागा संस्थेची असेल आणि संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर विक्रीस पूर्वपरवानगी लागते : महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्ताची, छत्तीसगडात १९५१ च्या लोक न्यास अधिनियमाप्रमाणे निबंधकाची. एखाद्या पदाधिकाऱ्याचे सहीशिक्क्याचे पत्र म्हणजे परवानगी नव्हे. स्वस्तात मिळते म्हणून असे घर घेणारा आपले पैसे तर घालवितोच, शिवाय मंडळीची जागा कोर्टकचेरीत अडकवितो.

बोजा पाहण्याची रीत अशी. वकिलाकडून उपपंजीयक कार्यालयात तीस वर्षांचा शोध घ्यावा. मूळ दस्त बँकेत ठेवून काढलेले कर्ज या शोधात कधी सापडतही नाही. त्यासाठी २०११ पासून चालू असलेल्या सेरसाई या नोंदवहीत शुल्क भरून पाहता येते. सर्वांत साधी कसोटी म्हणजे मूळ दस्त डोळ्यांनी पाहणे. मूळ हरवले असून केवळ छायाप्रत आहे असे कळले तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिल्यावाचून इसार देऊ नये. बांधकाम चालू असलेली सदनिका किंवा मंजूर वसाहतीतील भूखंड घेत असाल तर २०१६ च्या रेरा कायद्याखालील नोंदणी क्रमांक मागावा. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकास घेता येत नाही.

जागा पाहण्यास पावसाळ्यात जावे. छत्तीसगडात भाटा, मटासी, डोरसा व कन्हार असे मातीचे प्रकार सांगतात. कन्हार ही काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. तिच्यावर साधा पाया घातला तर दोन उन्हाळ्यांत भिंतीस तडे जातात. शेजारच्या घराच्या भिंती पाहिल्या म्हणजे अर्धे उत्तर मिळते. बाकीचे उत्तर अनुभवी गवंडी देईल.

पैशाचे देणेघेणे बँकेतूनच व्हावे. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोख घेणे आयकर कायद्यास मान्य नाही. ‘दस्तावर गाईडलाईनइतकी दाखवू, वरचे हातात द्या’ हे इतके रूढ झाले आहे की त्यास कोणी असत्य म्हणत नाही. पण ते असत्यच आहे आणि तोट्याचेही आहे. व्यवहार मोडला तर न्यायालयात दस्तावरचीच रक्कम परत मागता येते, आणि पुढे विकताना खरेदीची किंमत कमी दिसल्याने कर अधिक पडतो. पन्नास लाख वा अधिक किमतीच्या व्यवहारात घेणाऱ्यानेच एक टक्का कर कापून भरावयाचा असतो. महिलेच्या नावे घेतल्यास छत्तीसगडात मुद्रांक शुल्कात सवलत आहे. ती घेताना, नाव ज्या बाईचे, मालकी तिची, हे घरातील पुरुषांनी मनात पक्के केलेले बरे.

विकणाऱ्यास थोडे सांगावयाचे आहे. आधी आपल्या नावाचे नामांतरण करून घ्यावे, कर व विजेची देयके फेडावी. वडिलांच्या नावाचा उतारा घेऊन गिऱ्हाईक शोधू नये. इसारपावतीत पूर्ण किंमत, मुदत, आणि मुदत टळल्यास इसाराचे काय, हे लिहावे. सर्व रक्कम खात्यात जमा झाल्यावाचून ताबा देऊ नये. दिलेला धनादेश आणि वटलेला धनादेश यांत फरक आहे. घर दोन वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे असेल तर नफ्यावर दीर्घ मुदतीचा कर लागतो. २३ जुलै २०२४ पासून तो साडेबारा टक्के आहे. त्यापूर्वी घेतलेल्या घरास महागाईनिर्देशांक लावून वीस टक्क्यांनी हिशेब करण्याची मुभा रहिवासी व्यक्तीस आहे. दोन्ही रीतींनी मांडून जो कमी येईल तो भरावा. नफ्यातून दोन वर्षांत दुसरे घर घेतले किंवा तीन वर्षांत बांधले तर सूट मिळते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर झाले नाही तर ती रक्कम बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. ही मुदत चुकल्याने सूट गमावणारे पुष्कळ आहेत.

नोंदणीनंतर मूळ दस्त ताब्यात घ्यावा. २०२५ पासून छत्तीसगडात नोंदणीबरोबरच नामांतरण होण्याची व्यवस्था आली आहे. तरी महिन्याभराने बी-१ पुन्हा काढून आपले नाव, क्षेत्रफळ व बटांकन तिन्ही बरोबर चढले आहेत काय ते पाहावे, आणि एखादे अक्षर जरी चुकले असेल तरी तहसील कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा.