स्वतःचे टपालघर : ई-मेल सर्व्हरची पूर्वतयारी

ई-मेलच्या पत्त्यात ‘ॲट’ या चिन्हाच्या डावीकडे माणूस असतो व उजवीकडे त्याचे टपालघर. ही योजना रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली केली. आज आपणा बहुतेकांचे टपालघर एखाद्या बड्या कंपनीच्या मालकीचे असते. तिने खाते बंद केले की पत्ता गेला आणि जुनी पत्रेही गेली. म्हणून स्वतःचे टपालघर उभारण्यास काय लागते, याचा मी अभ्यास केला.

प्रथम हवे स्वतःचे नाव, म्हणजे डोमेन. त्याचे शुल्क मुदतीत भरत राहिल्यास सर्व्हर बदलला तरी पत्ता बदलत नाही. या नावाच्या डीएनएस नोंदींत ‘एमएक्स’ ही नोंद करावी लागते. पत्रे कोणत्या यंत्राकडे न्यावीत, हे ती सांगते.

दुसरी गरज अहोरात्र चालणाऱ्या यंत्राची व न बदलणाऱ्या आयपी क्रमांकाची. घरगुती जोडणीत हा क्रमांक बहुधा बदलता असतो आणि पत्रे जाण्याचे २५ क्रमांकाचे पोर्ट पुष्कळदा बंद असते. भाड्याचा सर्व्हर घेतानाही हे पोर्ट खुले आहे काय, ते आधी विचारावे. पत्रांची ने-आण पोस्टफिक्स करते, तर पेटी उघडून देण्याचे काम डव्हकॉट करते. दोन्ही विनामूल्य आहेत.

खरी अडचण विश्वासाची होय. १९८२ साली एसएमटीपीचे नियम ठरले, तेव्हा प्रेषकाची ओळख पटविण्याची सोय त्यांत नव्हती. कोणीही कोणाच्याही नावे पत्र धाडू शके. त्यावर पुढे तीन उपाय निघाले. आपल्या नावे कोणती यंत्रे पत्र धाडू शकतात, हे एसपीएफ जाहीर करते. डीकेआयएम पत्रावर मोहोर उमटवते. वाटेत मजकूर बदलल्यास ती जुळत नाही. दोहोंपैकी एकही कसोटी न उतरल्यास पत्राचे काय करावे, हे डीमार्क सांगते. शिवाय आयपी क्रमांकाचा उलट शोध घेतल्यास आपल्याच सर्व्हरचे नाव निघाले पाहिजे. एवढे करूनही नवख्या क्रमांकाची पत्रे ‘स्पॅम’मध्ये पडू शकतात. तेथे धीर धरावा लागतो.

यंत्र काही तास बंद पडल्यास घाबरू नये. पाठविणारा सर्व्हर सहसा काही दिवस पुनःपुन्हा प्रयत्न करतो. पत्रांची प्रत मात्र नेहमी दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.

२०१२ च्या नियमांनुसार पत्ता देवनागरीतही असू शकतो. पोस्टफिक्सला ते २०१५ पासून जमते. अर्थात, समोरच्या सर्व्हरनेही तो स्वीकारला पाहिजे. माझ्या आईला रोमन अक्षरे येत नाहीत. स्वतःचा पत्ता तिला स्वतः वाचता यावा, एवढ्यासाठीही हा खटाटोप मला मोलाचा वाटतो.