मार्चमधला ॲडव्हान्स

तुझा मेसेज वाचला गं. एफवायबीकॉमची पहिलीच चाचणी, त्यात अकाउंट्सचा पेपर अर्धा कोरा, आणि लगेच आपली लाइनच चुकली म्हणून रडत बसलीस. आधी डोळे पूस. मग वही घे.

खरं सांगू का, अर्थशास्त्र तुला येतंच. लहानपणापासून तू आईबरोबर मालवणच्या किनाऱ्यावर लिलावाला उभी राहतेस. रापणीचं जाळं भरून आलं की बांगड्याचा दर कसा कोसळतो, ते तुला कोणी शिकवायला नको. बर्फ नसला की मासा दुपारपर्यंत थांबत नाही, मिळेल त्या दराला द्यावाच लागतो. पुस्तकवाले त्यालाच अलवचीक पुरवठा म्हणतात. जून-जुलैत मासेमारी बंदी लागते, ताजा मासा कमी आणि महाग होतो, मग लोक सुक्या बांगड्यांकडे आणि सुकटीकडे वळतात. ती झाली पर्यायी वस्तू. बंदी उठते त्याच सुमाराला श्रावण येतो. समोर मासा आहे, दरही परवडतोय, तरी कितीतरी घरं घेत नाहीत. इथे नीट बघ हं, परीक्षेत पोरं इथेच मार्क घालवतात. दर उतरला म्हणून चार बांगडे जास्त घेतले, तर आपण मागणीच्या त्याच वक्रावर खाली सरकलो. श्रावण लागला म्हणून खरेदीच थांबली, तर अख्खा वक्र डावीकडे गेला. आकृती काढताना किनारा डोळ्यासमोर आण, बाण कुठे काढायचा ते कळेल.

आता तुझं खरं दुखणं, नावे आणि जमा. तारकर्लीतल्या माझ्या न्याहरी निवासाचं पहिलं वर्ष सांगते. मार्चमध्ये मे महिन्याची बुकिंग आली, तीन कुटुंबांनी ॲडव्हान्स पाठवला. बँकेत एवढी रक्कम बघून मला ती कमाईच वाटली, आणि मी फ्रीज घेतला. एप्रिलच्या शेवटी एका कुटुंबात आजारपण निघालं, त्यांनी पैसे परत मागितले. माझ्याकडे नव्हते. काकीसमोर हात पसरताना जी लाज वाटली, ती अजून आठवते. तिने मोजून नोटा हातात ठेवल्या आणि एवढंच म्हणाली, "पैशे हातात इले म्हणान ते आपले झाले नाय गो."

तुझ्या तीनशे पानी पुस्तकातली अर्धी भीती त्या एका वाक्याने जाते बघ. पाहुण्याने मार्चमध्ये पाच हजार पाठवले. बँकेत पैसे आले. जे येतं ते नावे. पाहुणा देणारा, देणारा जमा. म्हणजे पाहुणा आपला धनको झाला गं! तो तारकर्लीला येऊन राहीपर्यंत, जेवेपर्यंत आपण त्याचं देणं लागतो. म्हणून ३१ मार्चच्या ताळेबंदात ते पाच हजार देयतांच्या बाजूला बसतात. उत्पन्न मे महिन्यात, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात. तेव्हा पाहुणा नावे, खोलीभाडं जमा. आणि तो फ्रीज? तो खर्च नव्हे, मालमत्ता. फ्रीज नावे, बँक जमा. मी गिळलेल्या पैशांचाही हिशेब जुळतो, फक्त तो दोन बाजूंनी लिहावा लागतो.

ही दोन बाजूंची रीत बंदरावरच्या माणसांचीही, बरं का. व्हेनिसचे व्यापारी असे हिशेब आधीपासून ठेवायचे. लुका पाचोली नावाच्या धर्मगुरूने १४९४ मध्ये ते छापील पुस्तकात नीट मांडले. आपल्याकडेही कीर्द आणि खतावणी आजोबांच्या पेढीवर होतीच. जर्नल आणि लेजर म्हटलं की घाबरतेस, कीर्द-खतावणी म्हण.

घसाऱ्याचं तू विचारलंस. रापणीत माणसांबरोबर जाळ्या-होडीचाही वाटा काढतात, तो का? जाळं झिजतं, उद्या नवं घ्यावं लागणार. होडीचं इंजिन एक लाख वीस हजारांचं धर. पाच वर्षं चालेल, शेवटी भंगारात वीस हजार येतील. मग एक लाख भागिले पाच, वर्षाला वीस हजार घसारा. खिशातून त्या वर्षी दमडी जात नाही, तरी तो खर्चच. तो न धरता नफा काढलास, तर इंजिनच थोडं थोडं करून खाल्लंस असं समज.

आणखी एक, पटकन. धंद्यातले पैसे काढून घरासाठी सुरमई आणलीस तर ती उचल. धंदा वेगळा, तू वेगळी. बाकी तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, जुळली नाही की रडायचं नाही. फरकाला नऊने भाग. भाग गेला तर बहुतेक आकड्यांची अदलाबदल झालीय, ५४ च्या जागी ४५. फरक दोनने भागून तेवढी रक्कम कुठे दिसते का तेही बघ, नोंद चुकीच्या बाजूला गेली असेल.

रविवारी दुपारी ये. जेवून घे इथेच, रिकाम्या पोटी तेरीज जुळत नाही. येताना एवढं लिहून आण: ज्यांनी बुकिंग रद्द केलं त्यांचे पैसे परत दिले, त्याची नोंद. आणि काकीकडून मी जे घेतले, तिचं खातं कुठल्या बाजूला? पेन्सिलने लिही गं, खोडता येतं.