शून्य मिळालं की पास

"सर, पोरगं बीसीएस झालंय. पुण्यातल्या एका कंपनीनं बॅकअपच्या कामासाठी बोलावलंय. पण बॅकअप म्हणजे कॉपी करून ठेवायचं ना? त्यासाठी एवढं शिकवलं का?"

बारामतीत करिअर मार्गदर्शनाला बसलो असताना इंदापूर तालुक्यातले एक ऊसउत्पादक विचारत होते. मुलगा शेजारी मान खाली घालून बसला होता. मी उलट विचारलं, "काका, कारखान्याचं बिल अंदाजापेक्षा कमी आलं तर काय करता?"

"काट्याच्या पावत्या काढून बसतो. खेपंन् खेपंची पावती पिशवीत असती."

"आणि एका खेपेची पावतीच नसली तर?"

"मग काय, बोलायला तोंड उरत नाही."

मुलाला जे काम मिळू पाहत होतं, त्याचा अर्धा भाग काकांनीच सांगून टाकला होता.

काम नेमकं काय?

बँक, रुग्णालय किंवा मोठा कारखाना घ्या. तिथल्या शेकडो सर्व्हरमधल्या माहितीची प्रत रोज रात्री दुसरीकडे ठेवली जाते. हे नेटबॅकअप, कमव्हॉल्ट, वीम अशी सॉफ्टवेअर करतात. बॅकअप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर सकाळी पाहतो, कुठलं काम पार पडलं आणि कुठलं अडलं. नेटबॅकअपमध्ये प्रत्येक कामाच्या शेवटी एक आकडा येतो. 0 म्हणजे यशस्वी. 1 म्हणजे अर्धवट यशस्वी, काही फायली राहून गेल्या. 58 म्हणजे ज्या संगणकाची प्रत घ्यायची त्याच्याशी संपर्कच झाला नाही. आयुष्यभर शून्याला घाबरलेल्या मुलांना इथे शून्य आलं की हायसं वाटतं!

आकडा फक्त निकाल सांगतो. कारण लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने क्षणोक्षणी लिहिलेल्या नोंदींमध्ये असतं. 58 का आला? नावावरून पत्ता सापडला नाही, फायरवॉलने वाट अडवली, की पलीकडची सेवाच बंद होती? ज्याला लॉग वाचता येतो त्याला दहा मिनिटांत कळतं. ज्याला येत नाही तो काम पुन्हा सुरू करून नशिबावर सोडतो.

लॉगची सेटिंग: चार प्रश्न

लॉग आपोआप नीट लिहिला जात नाही, तो लावून घ्यावा लागतो. मुलाखतीतही माणसाची पारख इथेच होते.

किती लिहायचं? नवखा उमेदवार म्हणतो, "सगळ्यात वरची पातळी ठेवू." नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलाने असं म्हणू नये. पाणी आहे म्हणून सोडत राहिलं की जमीन चोपण होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. नेटबॅकअपच्या जुन्या पद्धतीच्या लॉगमध्ये तपशिलाची पातळी 0 ते 5 असते. एरवी ती खाली ठेवायची. अडचण आली की फक्त त्या प्रक्रियेची पातळी 5 करायची, बिघाड पुन्हा घडवून पाहायचा, नोंदी गोळा करायच्या आणि पातळी लगेच खाली आणायची. हे शेवटचं पाऊल विसरणं ही नवख्यांची नेहमीची चूक. रात्रीतून लॉगनेच डिस्क भरते आणि सकाळी धडधाकट बॅकअपही बंद पडलेले दिसतात.

कुठे लिहायचं? मूळ प्रणालीच्या डिस्कवर नको, वेगळ्या जागी. आणखी एक खोच आहे. नेटबॅकअपच्या या लॉगमध्ये अनेक प्रक्रियांसाठी ठरावीक नावाचा फोल्डर आधी तयार असावा लागतो. फोल्डर नसेल तर तक्रार न करता लॉग लिहिलाच जात नाही. पिशवीच नाही, मग पावत्या राहणार कुठे?

किती दिवस ठेवायचं? बिघाड शोधण्यासाठी काढलेल्या जाडजूड नोंदी थोडे दिवस ठेवल्या तरी पुरतात. सुरक्षेच्या नोंदी, म्हणजे कोण आत आलं, कोणी काय बदललं, कोणी बॅकअप पुसला, या मात्र जपाव्या लागतात. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग 180 दिवस सुरक्षित ठेवायचे आहेत आणि सायबर हल्ल्याची खबर 6 तासांत द्यायची आहे. दोन्ही प्रकारच्या नोंदींना एकच मुदत लावली तर एकतर जागा वाया जाते, नाहीतर नियम मोडतो.

भरवसा कसा ठेवायचा? लॉगची एक प्रत दुसऱ्या सर्व्हरवर जायला हवी, म्हणजे आत शिरलेल्या चोराला मागची पावलं पुसता येणार नाहीत. सगळ्या संगणकांची घड्याळंही जुळलेली हवीत. एकात रात्रीचे दोन आणि दुसऱ्यात सव्वादोन वाजले असतील, तर आधी काय घडलं हेच सांगता येत नाही.

याला मागणी का आहे?

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या नावाजलेल्या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकही नीट कामाला आली नाही. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे होतच नव्हता. तो अडल्याच्या ईमेल सूचना पलीकडे नाकारल्या जात होत्या, म्हणून कोणाला पत्ताच नव्हता. योगायोगाने सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली, तिने अब्रू वाचवली.

जुलै 2024 मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला झाला. खबरदारी म्हणून तिचा पेमेंट जाळ्याशी असलेला संपर्क तोडला गेला आणि देशातल्या सुमारे 300 लहान बँकांचे व्यवहार अडले. त्यांत सहकारी बँकाही होत्या. म्हणजे हा विषय आपल्या गावच्या शाखेपर्यंत पोचलेला आहे.

या क्षेत्रासाठी पुणे जवळ आहे, ही आपली जमेची बाजू. ड्रुवा ही क्लाउड बॅकअपची कंपनी 2008 मध्ये पुण्यातच सुरू झाली. मिलिंद बोराटे तिच्या संस्थापकांपैकी एक. नेटबॅकअप बनवणाऱ्या व्हेरिटासचंही पुण्यात मोठं केंद्र होतं. तिचा हा व्यवसाय डिसेंबर 2024 मध्ये कोहेसिटीत विलीन झाला. कंपन्यांची नावं अशी बदलत राहतात, म्हणून एका सॉफ्टवेअरचीच बटणं पाठ करू नका.

तयारी कशी करायची?

बीसीएस, बीसीए, संगणक पदविका किंवा अभियांत्रिकी, यांपैकी काहीही चालतं. बारामतीत 1962 पासूनचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, 1972 मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानच्या संस्था आहेत. पदवीसाठी गाव सोडायलाच हवं असं नाही. पदवीइतकाच सराव महत्त्वाचा.

घरच्या जुन्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन लिनक्स यंत्रं उभी करा. नेटवर्क, परवानग्या, डिस्कची जागा आणि जुने लॉग आवरणारं लॉगरोटेट एवढं पक्कं करा. बॅकअपसाठी बॅक्युला किंवा रेस्टिक फुकट मिळतं. वीमचीही मोफत आवृत्ती आहे. मग मुद्दाम मोडा: केबल काढा, पासवर्ड बदला, डिस्क भरा. प्रत्येक वेळी लॉगमध्ये कुठली ओळ आली, ते तारखेसह वहीत लिहा. आठवड्यातून एकदा मूळ फाइल पुसून प्रतीवरून परत आणा. परत न येणारा बॅकअप हा बॅकअपच नव्हे.

इंग्रजी फाडफाड नसली तरी चालेल. पण काय घडलं, काय तपासलं, काय सापडलं, हे पाच सरळ वाक्यांत लिहिता आलं पाहिजे. या कामात रोज तेच लिहावं लागतं.

पालकांनी काय पाहावं?

पहिली बाब रात्रपाळीची. बॅकअप रात्री चालतात, म्हणून सुरुवातीची वर्षं रात्रीची असतात. रात्रीच्या लायटीवर दारं धरायला जाणाऱ्या घराला हे नवं नाही, तरी मुलाची तब्येत आणि झोप यांचा विचार करा. दुसरी बाब: नुसतं पडद्याकडे पाहून काम पुन्हा सुरू करायची नोकरी आता यंत्रंच करू लागली आहेत. दोन-तीन वर्षांत मुलगा क्लाउड, स्टोरेज किंवा सायबर सुरक्षेकडे सरकला नाही, तर तो तिथेच अडकेल.

क्लासची फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. मुलाला स्वतःचा सर्व्हर हाताळायला मिळेल का? बिघाड शोधायला शिकवता की फक्त इन्स्टॉल करायला? आमच्यासमोर पुसलेली फाइल परत आणून दाखवता का? नोकरीची हमी सगळेच देतात. या तीन प्रश्नांवर जो गडबडतो, त्याच्यासाठी कर्ज काढू नका.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग मुलाकडे वळून म्हणाले, "वही केलीस का रं?"

मुलाने पहिल्यांदा मान वर केली. "उद्यापासून करतो, अण्णा."

"उद्या नको. एसटी स्टँडसमोर दुकान आहे, जाताना घेऊ."