‘कोबाल्ट ब्लू’मधील दोन निवेदने
सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत तनय व अनुजा ही भावंडे घरी पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच तरुणावर प्रेम करतात. या तरुणाला लेखकाने नाव दिलेले नाही. अनुजा त्याच्याबरोबर घर सोडते व एकटी परतते. तिचे दुःख सर्व घराला ठाऊक असते. तनयचा विरह मात्र कोणालाच सांगता येण्याजोगा नाही. त्यामुळे त्याचे निवेदन निघून गेलेल्या प्रियकरालाच ‘तू’ असे संबोधते. त्याला दुसरा श्रोताच उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. घरच्यांसमोर शोक करण्याच्या अधिकाराचा या कादंबरीने उपस्थित केलेला प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो.